दुसरा थेंब

रविवारी सकाळी नऊलाच सभागृहात पाय ठेवायला जागा उरत नसे. पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं. खांबांवरचे मोठाले आरसे कुणी काढले नव्हते, त्यामुळे दोनशे माणसं सहज चारशे वाटायची. काठ्या, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या, जुन्या रिपोर्टांनी फुगलेल्या पिशव्या. समोर भिंतभर पडदा, आणि पडद्याशेजारी पांढरा गळाबंद कोट घालून उभे असलेले 'सर'.

सर डॉक्टर नव्हते. तसं ते स्वतःच सांगत, आणि अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला डॉक्टर असणं हाच कमीपणा वाटावा.

"मी उद्योजक आहे. डॉक्टर आजार सांभाळत बसतात, मी शरीराला त्याची विसरलेली विद्या आठवून देतो. तुमच्या प्रत्येक पेशीत एक कारागीर झोपलाय. आपण फक्त दारावर टकटक करायची."

मग ते गर्दीतून एकाला पुढे बोलावत. एका रविवारी एक निवृत्त पोस्टमन उठला, दोन्ही गुडघे धरत धरत खुर्चीपर्यंत आला. त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून काचेच्या पट्टीवर घेतला. पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवली, पण पडदा लगेच सुरू केला नाही. आधी दहा मिनिटं सरांचं भाषण झालं: झोपलेल्या पेशी, थकलेल्या पेशी, रुसलेल्या पेशी. त्यानंतर पडदा उजळला. पोस्टमनच्या रक्तातल्या लाल पेशी एकीला एक चिकटून, बांगड्यांच्या चळतीसारख्या आडव्यातिडव्या पडल्या होत्या. सभागृह हळहळलं. पोस्टमनला 'जागृती खुर्ची'त बसवलं गेलं. दोन्ही बाजूंनी हिरवा उजेड, खालून जुन्या फ्रिजसारखी घरघर. वीस मिनिटांनी टेबलाखालून काढलेल्या दुसऱ्या पट्टीवर दुसरा थेंब घेतला आणि लगेच पडद्यावर दाखवला. पेशी सुट्या झाल्या होत्या. गोल, टवटवीत, आपापल्या वाटेनं तरंगत होत्या. पोस्टमनच्या डोळ्यांना धार लागली. टाळ्या थांबेनात.

शेवटी सर पहिल्या रांगेतल्या एका बाईंकडे हात करत.

"ही माझी ताई. एकतीस वर्षं मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिनं रक्त तपासलंय. ती माझ्यासमोर बसलीय, याहून मोठं प्रमाणपत्र मला नको."

ताई उठून उभ्या राहत, जराशा हसत, आणि खाली बसत. लोक त्यांच्याकडे बघत, मग उपचारासाठी नाव नोंदवायच्या रांगेला लागत.

ताईंसाठी हे सर म्हणजे छोट्या. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई अठराच्या. त्याचं पाठांतर घ्यायचं, ताप उतरवायचा, शाळेतून आलेल्या तक्रारी ऐकायच्या, सगळं त्यांनीच केलं. मोठेपणी त्यानं पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली, मालिशच्या खुर्च्या विकल्या, काहीच धड लागलं नाही. मग हे केंद्र उघडलं. पोटाची चरबी काढून त्यातल्या मूलपेशी आमच्या प्रयोगशाळेत तीन आठवडे वाढवतो, त्या सांध्यात टोचल्या की नवी कूर्चा, हाडांमधली गादी, तयार होते, असं तो सांगे. ताईंच्या मनाला केवढं बरं वाटलं होतं. छोट्या शेवटी मार्गी लागला.

खरं सांगायचं तर ताईंना पहिल्याच रविवारी खटकलं होतं. थेंब जाड घेतला आणि पट्टी तशीच ठेवली की रक्त सुकायला लागतं आणि लाल पेशी अशाच चळती करतात, हे प्रयोगशाळेत पहिल्या महिन्यात शिकवतात. त्यांनी छोट्याला बाजूला घेऊन विचारलंही. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

"ताई, तू एकतीस वर्षं आजारी रक्त बघितलंस. बरं होणारं रक्त कधी बघितलंयस का?"

ताईंकडे उत्तर होतं. ते त्यांनी गिळलं. डोळ्यांना दिसलं होतं त्यावर मनानं पांघरूण घातलं.

ताईंचे यजमान टेलर. चाळीस वर्षं शिलाईमशीनचं पायडल मारून गुडघे गेलेले, त्यात मधुमेह. छोट्यानं आग्रहानं त्यांना पहिलं इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी ते कठड्याला हात न लावता जिना चढले. छोट्यानं त्यांना मंचावर बोलावलं, उकिडवं बसवलं, उठवलं. एक रविवार तो सोहळा गाजला. मग दुसरं इंजेक्शन झालं, तिसरं झालं, चौथं झालं.

पाचव्या महिन्यात नव्या चपलेनं त्यांच्या पायाला फोड आला. तो भरेना. अंगठ्याशेजारची बोटं आधी निळसर, मग काळी पडली. ताईंनी त्यांना आपल्याच जुन्या रुग्णालयात नेलं तेव्हा साखर पाचशेच्या वर होती. दोन बोटं कापावी लागली.

ताईंना कळेना, रोज मधुमेहाच्या गोळ्या घेत असताना साखर इतकी चढलीच कशी. त्यांनी पलंगाशी बसून विचारलं. टेलरकाकांनी मान भिंतीकडे वळवली.

"गोळ्या मी चार महिन्यांपूर्वी सोडल्या," ते म्हणाले. "छोट्या म्हणाला, नव्या पेशी आणि जुन्या गोळ्या एकत्र नांदत नाहीत. आणि म्हणाला, ताईला सांगू नका, ती उगीच घाबरते."

शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरीणबाई ताईंना पूर्वीपासून ओळखत होत्या. त्यांनी गुडघ्यावरची पातळ झालेली, पांढुरकी पडलेली कातडी दाखवली. असं मूलपेशींनी होत नाही, म्हणाल्या. मला तरी हे स्टेरॉइडचं काम वाटतं. त्यानं दुखणं दोन दिवसांत दबतं, पण मधुमेह्याची साखर वर जाते आणि जखमेशी लढायची ताकद कमी होते. वरून गोळ्याही बंद. नेमकं काय टोचलं ते कळलं तर बरं.

सोमवारी केंद्र बंद असे. पहारेकऱ्यानं ताईंना काही न विचारता आत सोडलं. त्या सरांच्या ताई होत्या. वरच्या मजल्यावरच्या त्या काचेच्या दारामागच्या प्रयोगशाळेत त्या आजवर गेल्या नव्हत्या. जंतू जातील म्हणून छोट्यानं कधी जाऊ दिलं नव्हतं.

आत गेल्यावर त्यांना कळलं की तिथं जंतू आले असते तरी त्यांना करायला काही नव्हतं. पेशी वाढवायचं भलंमोठं स्टीलचं इन्क्युबेटर होतं, पण त्याची वायर गुंडाळून रबर लावून मागे टांगलेली होती. दार उघडलं तर आत जाहिरातीच्या पत्रकांचे गठ्ठे. एका फळीवर गुलाबी पाण्याच्या बाटल्या, पाहुण्यांना काचेतून दाखवायला. कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये एक प्लास्टिकची बादली होती. तिच्यात पाण्यात लहान लहान बाटल्या भिजत घातल्या होत्या आणि त्यांची सुटलेली लेबलं वर तरंगत होती. ताईंनी एक लेबल उचलून रुमालावर टिपलं. कुठल्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीवर मिळणारं स्टेरॉइड.

जिन्यावर पावलं वाजली. पहारेकऱ्यानं छोट्याला फोन केला असावा. तो दारात थांबला, त्यानं बादलीकडे बघितलं, मग ताईंकडे.

ताईंना वाटलं होतं, तो खजील होईल. लहानपणी खोटं पकडलं गेलं की तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायचा. आता तो खुर्ची ओढून बसला.

"लोकांना बरं वाटतं ना? ते बरं वाटणं तरी खोटं नाही."

"त्यांची दोन बोटं गेली, छोट्या."

"दाजींनी पथ्य पाळलं नाही."

"गोळ्या कुणी बंद करायला लावल्या? मला सांगू नका असं कुणी सांगितलं?"

तो अगदी मवाळपणे, समजूत घालावी तसं बोलला.

"हे बाहेर गेलं तर तुझंही नाव येईल, ताई. दर रविवारी उभी तूच राहायचीस. लोक माझ्यापेक्षा तुझ्याकडे बघून नाव नोंदवायचे."

ताईंनी बेसिनच्या कडेला हात टेकला. पहिल्या रांगेतली ती खुर्ची त्यांना आजवर मायेनं राखून ठेवलेली वाटत होती. ती यंत्राचा एक भाग होती, हिरव्या दिव्यासारखी. ज्याला घास भरवला त्यानं त्यांच्या एकतीस वर्षांच्या कामाचं लेबल सोलून आपल्या बाटलीवर चिकटवलं होतं, आणि पहिलं गिऱ्हाईक घरातलंच गाठलं होतं. त्या लेबल रुमालात गुंडाळून जिना उतरल्या.

डॉक्टरीणबाईंनी लेबल पाहून होकारार्थी मान हलवली. दोघींनी मिळून आरोग्य खात्याकडे तक्रार लिहिली. पण चौकशीला वेळ लागणार होता आणि रविवार सहा दिवसांवर होता. रविवारी ताई नेहमीच्या वेळी गेल्या आणि नेहमीच्या खुर्चीत बसल्या. छोट्याला वाटलं असावं, ताई शेवटी आपलीच. त्याचा चेहरा सैलावला.

त्यानं गर्दीतून माणूस बोलवायच्या आधीच ताई उठल्या. आज थेंब मी देते, म्हणाल्या. दोनशे माणसांसमोर आपल्याच प्रमाणपत्राला नाही कसं म्हणणार? तो बाजूला झाला.

ताईंनी स्वतःच बोट टोचलं. एकाच टोचणीतून दोन पट्ट्यांवर रक्त घेतलं. एकीवर जाड थेंब, तो तसाच ठेवून दिला. दुसऱ्या पट्टीवर टेबलाखालच्या ड्रॉपरच्या बाटलीतून आधी एक थेंब पाणी टाकलं, मग किंचित रक्त, आणि ती लगेच पडद्यावर दाखवली. पेशी सुट्या, गोल, टवटवीत.

"ही बाटली सलाईनची आहे, मिठाच्या पाण्याची," त्या म्हणाल्या. "दर रविवारी दुसरा थेंब यातच मिसळला जातो. रक्त पातळ केलं की पेशी अशा मोकळ्या दिसतात. आता आपण दहा मिनिटं भाषणाऐवजी गप्प बसू."

कुणीतरी खोकलं. छोट्यानं माइक हातात घेतला. ताईच्या घरी आजारपण आहे, तिच्या मनावर परिणाम झालाय, आपण तिला समजून घेऊ, असं तो हळव्या आवाजात बोलत राहिला. ताईंनी घड्याळ बघितलं आणि जाड थेंबाची पट्टी खाली सरकवली. पडद्यावर बांगड्यांच्या चळती.

"दोन्ही रक्त माझंच, एकाच बोटाचं, एकाच वेळचं. मध्ये मी कुठल्याही खुर्चीत बसले नाही. थकली ती पट्टी. रक्त नव्हे."

मग त्यांनी रुमालातलं लेबल दाखवलं, टेलरकाकांच्या बोटांचं सांगितलं आणि इंजेक्शनात काय असतं तेही सांगितलं. पाठीमागून एक बाई उठून म्हणाली की माझा गुडघा तर खरंच थांबलाय, मग हे खोटं कसं. ताईंनी तिला रागावून उत्तर दिलं नाही. दुखणं थांबतं, कारण औषध खरं आहे, म्हणाल्या. नाव खोटं आहे. डॉक्टर ते देतात तेव्हा मोजून देतात, साखर बघतात, पुन्हा पुन्हा दिलं तर सांधा झिजतो हे सांगतात. तुम्हाला काय टोचलं हेच लपवलं, तर तुमचा जीव कशावर टांगलाय ते तुम्हाला कसं कळणार?

पोस्टमन पुढे आला. माझंही करून बघा, म्हणाला. दोन पट्ट्या झाल्या, दोन्ही पडद्यावर आल्या. त्यानं कोरड्या डोळ्यांनी त्या बघितल्या. तेवढ्यात छोट्या माइक टेबलावर ठेवून बाजूच्या दारानं निघून गेला. जाताना त्यानं ताईंकडे बघितलं नाही.

सगळ्यांना ते पटलं असं नाही. एकजण ताईंना तोंडावर म्हणाला की भावाचं चांगलं बघवलं नाही तुम्हाला. काही जण जागृती खुर्चीकडे आशेनं बघत रेंगाळले. पुढच्या आठवड्यात अधिकारी आले, बादली आणि कागदपत्रं घेऊन गेले, दाराला सील लागलं. तक्रारीत ताईंनी स्वतःचं नावही लिहिलं होतं: खात्री न करता ग्वाही देणारी व्यक्ती म्हणून. अधिकाऱ्यानं विचारलं, हे लिहायलाच हवं का? त्या हो म्हणाल्या. छोट्याचा फोन आला नाही. ताईंनीही केला नाही, पण फोन वाजला की आधी त्यांना तोच वाटे.

त्या रविवारी सभागृह रिकामं होत असताना पोस्टमननं ताईंना गाठून विचारलं होतं, मग आता विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

"कुणावर ते नंतर बघा," ताई म्हणाल्या. "आधी विचारा. सुईत काय आहे, नाव काय, बाटली दाखवा. चालू गोळी कुणी बंद करायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. घरच्यांपासून लपवा असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. दोन चित्रं दाखवली तर त्या दोन चित्रांच्या मध्ये काय केलं ते विचारा. खरं औषध प्रश्नांना घाबरत नाही. आणि सांगणारा आपला माणूस असेल तर दोनदा विचारा. माया हा पुरावा नसतो. मला उत्तर येत होतं, तरी मी प्रश्न एकदाच विचारला."