बाबांनी पास केलेलं हेल्मेट

माझं नवंकोरं हेल्मेट बाबांनी गच्चीवरून खाली टाकलं. हातातून निसटलं वगैरे काही नाही, चांगला नेम धरून, खालच्या फरशीवर. मग जिने उतरून गेले, ते उचललं, चष्मा कपाळावर चढवून चहूबाजूंनी न्याहाळलं आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "पास!"

मी अंगणात मोटरसायकलची चेन पुसत होते. हातातलं फडकं हातातच राहिलं.

आमचे बाबा शिड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. शिड्यांचा लॉट तयार झाला की त्यातली एक उचलायची, मोडेपर्यंत तिच्यावर वजन चढवायचं, आणि ती कितपत टिकली ते बघून बाकीच्या पास करायच्या. आयुष्यभर हेच केलं. बाबा निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. घरात नवी खुर्ची आली की आधी ते तिच्यावर उभे राहतात, मग आम्ही बसतो. नवी छत्री आधी नळाखाली जाते. मी एकदा एका मित्राला घरी आणलं, तर बाबांनी त्याला इतके प्रश्न विचारले की तो चहा अर्धा टाकून पळाला. तो नापास झाला याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हेल्मेट!

मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. दिवसभर मोटरसायकलवर असते, आणि दिवसभर कोणी ना कोणी न बघता गाडीचं दार उघडत असतं. येत्या रविवारी आम्ही काही जणांनी मिळून शर्यतीचा ट्रॅक दिवसभरासाठी घेतला होता. शर्यत लावायची नव्हती. समोरून कोणी येत नाही, कोणी दार उघडत नाही, अशा रस्त्यावर एकदा मनसोक्त गाडी चालवायची होती. हे माझ्या मनात कित्येक वर्षं होतं. अट एवढीच, की अंगावरचं सगळं सामान धड हवं. नसेल तर फाटकातूनच परत, आणि भरलेले पैसे बुडाले.

माझ्या पगारात कामाचं वेगळं आणि ट्रॅकचं वेगळं असले लाड परवडणारे नव्हते. एकाच सामानात दोन्ही भागवायचं होतं. त्यासाठी मी दुकानांचे उंबरे झिजवले. "बाबांना नेऊ नकोस," आई म्हणाली, "दुकानदार पुन्हा दारात उभं करणार नाही." म्हणून एकटीच गेले. अखंड चामडी सूट घालून बघितला आणि आरशात बघून तसाच काढला. तो घालून सकाळी कोणाच्या दारात सुई घेऊन उभी राहिले असते तर पेशंट खिडकीतून पळाले असते.

शेवटी एका दुकानदाराने नीट सांगितलं. तो स्वतः लंगडत होता, त्यामुळे मी त्याच्यावर विश्वास ठेवला. "चामड्याची जॅकेट-पँट जुनी घे. कमरेला चेनने एकमेकांना जोडता येईल अशी. रोज नुसतं जॅकेट घाल, ट्रॅकवर दोन्ही जोड. शिवण तेवढी बघून घे. ग्लोव्ह्ज आणि बूट साधे चालतील, पण मनगट आणि घोटा झाकला पाहिजे. हेल्मेटला मात्र हात आखडू नकोस. आणि कोणाचं वापरलेलं घेऊ नकोस, कुठे आपटलंय ते वरून दिसत नाही."

त्याप्रमाणे एका गृहस्थाचं जॅकेट-पँट घेतलं. त्याचं पोट सुटलं होतं आणि जॅकेटने साथ सोडली होती. सगळी काटकसर करून उरलेले पैसे हेल्मेटमध्ये घातले. गाल दाबून धरेल आणि मान हलवली तरी हलणार नाही, असं.

आणि ते आता बाबांनी पास केलं होतं.

"एक ओरखडा नाही बघ," बाबा म्हणाले. त्यांचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे बोलताना मधूनच शिट्टी वाजते. "पैसे वसूल!"

"बाबा, आत फोमचा थर असतो! तो एकदाच मार झेलतो आणि दबतो. नंतर ते हेल्मेट नुसती टोपी!"

"पण वरून तर—"

"वरून दिसत नाही! शंभरातलं एक मोडतात, बाबा. आपल्याकडे एकच आहे!"

मी खूप ओरडले. इतकं की शेजारच्या काकू कपडे वाळत घालायचं सोडून कठड्याशी आल्या. बाबा हेल्मेट उलटं करून आतल्या फोमवर अंगठा दाबत राहिले. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

संध्याकाळी ते तसंच्या तसं दुसरं हेल्मेट घेऊन आले. छातीशी धरून, एखादं तान्हं बाळ आणावं तसं.

"अहो, पैसे कुठून आणलेत?" आईने विचारलं.

"कवळीचे होते."

दाताच्या डॉक्टरांकडे माप देऊन झालं होतं. आता बाबांना आणखी काही महिने मऊ जेवायचं होतं. आईने जुन्या हेल्मेटमध्ये लसूण भरून ठेवला.

नवं हेल्मेट कपाटावर गेलं आणि बाबांचे हाल सुरू झाले. येता-जाता तिकडे बघायचे आणि हात पाठीमागे बांधून घ्यायचे. न तपासलेली वस्तू त्यांनी आयुष्यात कधी कोणाच्या हाती दिली नव्हती.

रविवारी ते ट्रॅकवर आलेच. फाटकावर एक करड्या केसांच्या बाई सामान तपासत होत्या. त्यांनी हेल्मेटचा पट्टा ओढला, कमरेची चेन बघितली, ग्लोव्ह्ज मनगटाशी हिसडून बघितले.

बाबांना राहवेना. "आपटून नाही बघत?"

"आपटलेलं कळलं तर मी आत सोडत नाही, काका."

बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

मग मी गाडी चालवली. त्या आनंदाबद्दल काय सांगू? हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने गात होते. त्याच नादात एका साध्या वळणावर घाई केली आणि गाडी अंगाखालून निघून गेली. मी कोपरावर, मग कुशीवर घसरत खडीत गेले. डोकं एकदा ठक्कन आपटलं. उठले, हातपाय हलवून बघितले. सगळं जागेवर होतं. ब्रेकचा दांडा तेवढा वाकला होता.

बाबा कठड्यामागे होते. त्यांनी लोखंडी नळी दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मी जवळ गेल्यावर त्यांनी आधी माझ्या जॅकेटची बाही फिरवून बघितली. कोपरावर चामडं घासून खरखरीत झालं होतं, फाटलं नव्हतं. मग गुडघे, मग तळहात. शेवटी हेल्मेट हातात घेतलं. बाजूला बोटभर ओरखडा होता, बस्स.

आता "पास" म्हणतील म्हणून मी वाट बघत होते.

"बाद," ते म्हणाले.

"काय बाबा! इतकं चांगलं टिकलं. वरून काही झालेलंसुद्धा नाही."

"वरून दिसत नाही." शिट्टी वाजली, आवाजही हलला. "उद्या नवीन घेऊ."

"आणि तुमचे दात?"

"दातांवाचून काही अडत नाही." हेल्मेट त्यांनी काखेत मारलं आणि माझ्या केसांत अडकलेला खडा काढून टाकला. "तूच म्हणालीस ना? आपल्याकडे एकच आहे."