मला न विचारता

बुधवार, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटं. रुग्णालयाची रक्ततपासणीची खोली, दाराजवळचा संगणक. कोणीतरी पेनड्राइव्ह खुपसला, प्रिंटरचा नवा प्रोग्राम चालू केला आणि तो कोणीही न अडवता थेट आत शिरला.

मी त्याच संगणकातली परवानगीची चौकट बोलतेय. काही नवीन बसवायला गेलात की पडद्यावर मधेच उगवते आणि "याला बदल करू द्यायचे का? प्रशासकाचा पासवर्ड द्या" असं विचारते, ती मी. तुम्हाला माझा राग येतो, ठाऊक आहे मला. येऊ दे.

माझा जन्मच विचारण्यासाठी झाला. आलेला प्रोग्राम कोणाचा, बसवणाऱ्याला तो अधिकार आहे का, हे बघायचं आणि पासवर्ड जुळला तरच वाट सोडायची. मला चेहरे दिसत नाहीत, बोलणं तेवढं ऐकू येतं. पण वाट सोडायला खात्याचं नाव आणि पासवर्ड, माणसांची ओळख एवढीच.

पूर्वी पासवर्ड एकट्या संगणकवाल्या भाऊंकडे होता. काही बसवायचं तर ते तीन मजले चढून, धापा टाकत यायचे. एक दिवस त्यांचा पारा चढला.

"मी काय इथे स्टूल टाकून बसू? घ्या, पासवर्डच घ्या!" त्यांनी तो चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवला.

"भाऊ, मला नको तो," रक्त तपासणाऱ्या ताई म्हणाल्या. "उद्या काही झालं तर माझ्याच गळ्यात येईल."

"काही होत नाही हो, ताई! तुम्ही पण ना!"

महिन्याभरात अकरा जण त्या एकाच खात्यातून काम करू लागले. मी विचारायचे आणि ते लिफ्टचं बटण दाबावं तसं 'होय' दाबायचे. ताई तेवढ्या थांबून माझी ओळन् ओळ वाचायच्या आणि बऱ्याचदा 'नाही' म्हणायच्या. मग एका सोमवारी कोणीतरी सेटिंगमधली एक खूण काढली आणि माझं तोंडच बंद केलं.

म्हणून त्या बुधवारी मी नुसती बघत राहिले. नव्या प्रोग्रामने रिपोर्टांची यादी विस्कटली. एकेचाळीस रिपोर्ट भलत्याच नावांवर गेले. एका आजोबांना दुसऱ्याच्या साखरेच्या रिपोर्टवरून औषध दिलं गेलं आणि ते बेशुद्ध पडले. त्यांच्या मुलीने कागद नीट वाचला म्हणून ते वाचले. "नाव बाबांचं आणि वय चौतीस? माझे बाबा बहात्तर वर्षांचे आहेत!" तिचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी ताईंपुढे कबुलीचा कागद सरकवला. "खुर्ची तुमची, संगणक तुमचा. सही करा, विषय मिटवून टाकू."

"खुर्ची माझी, पण तेव्हा तिच्यात मी होते का, ते विचारलंत?" ताईंनी शेजारच्या खोलीची नोंदवही उघडली. अकरा पस्तीस ते अकरा पंचावन्न. ताई एका लहान मुलीचं रक्त घेत होत्या, तिची शीर सापडत नव्हती. खाली तिच्या आईची सही. "न केलेल्या गोष्टीवर मी सही करणार नाही, साहेब. नोकरी गेली तरी."

चौकशी होईपर्यंत ताईंना घरी बसवलं. पण ताई गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. दर सोमवारी दहाच्या ठोक्याला त्या साहेबांच्या दारात हजर असतात. भाऊंनीही चिठ्ठीची चूक लेखी कबूल केली आणि संगणकातल्या नोंदी छापून ताईंच्या हातात दिल्या.

खुर्चीवर आता दुसरं कोणी बसतं. चिठ्ठी कीबोर्डखाली तशीच आहे आणि माझं तोंड अजून बंद आहे. माझं मागणं मोठं नाही. प्रत्येकाला त्याचं स्वतःचं खातं द्या आणि मला विचारू द्या. चार सेकंद जातील तुमची. आजोबांचे चार दिवस रुग्णालयाच्या खाटेवर गेले, ताईंची नोकरी टांगणीला लागली.

भाऊंच्या कागदावर बुधवारच्या नोंदीपुढे फक्त 'प्रशासक' आहे, म्हणजे अकरा जणांपैकी कोणीही. त्या नोंदीच्या वर, तीन आठवडे आधीची एक ओळ आहे. परवानगीची विचारणा बंद केली: सोमवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. खातं: प्रशासक. बदल कुठून केला: साहेबांच्या खोलीतल्या संगणकावरून.

त्या ओळीबद्दल चौकशीत अजून कोणालाही प्रश्न विचारलेला नाही.