उजव्या हाताला निरोप

लातूरचा जिल्हा झाला आणि मन्मथ तारबाबूचा उजवा हात झोपला तो उठलाच नाही. तसा दोन्हींचा संबंध होता. नव्या जिल्ह्याबद्दल जो तो ज्याला त्याला तारेनं अभिनंदन कळवू लागला. अभिनंदनं सरतात तोवर पावसानं दडी मारली आणि टँकर मागणाऱ्या तारा सुरू झाल्या. तारेच्या किल्लीवर कट्ट कडकट्ट करता करता हात बधिर. टाचणी टोचली, कळलं नाही. मन्मथलाही विशेष वाईट वाटलं नाही.

तार ऑफिसचे व्यंकटराव साहेब म्हणाले, "डाव्यानं शिका. शनिवारी चाचणी. नांदेडनं 'बिनचूक' कळवलं तर ठीक, न्हाईतर खिडकीवर बसून पोस्टाची तिकिटं विका."

तारेच्या नांदेडकडच्या टोकाला सटवाजी होता. नऊ वर्षांची दोस्ती, तोंड मात्र एकमेकांचं बघितलेलं नाही. कट्ट ऐकलं की सटवाजी ओळखायचा, मन्मथ बसलाय. खिडकीवर गेलं की सटवाजी संपला.

मन्मथ घरी पालथ्या तांब्यावर चमच्यानं सराव करू लागला. तांब्या रिकामाच होता, दुष्काळात त्याला दुसरं काम नव्हतं. पण डावा हात ठोक्याला आला की तळवा वर करून गप्प बसायचा. चाळीस वर्षं रोज सकाळी पूजेला त्यावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलेलं. हलायचं नाही एवढंच तो शिकला होता.

"अय्यो, तो हात देवाचा हाय," बायको दानम्मा म्हणाली.

"उजव्याला काही कळंना, दानम्मा."

"मग लिंग उजव्यावर ठिवा. कळत न्हाई तर हलायचा बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी लिंग उजव्या तळव्यावर आलं. पळीभर पाणी, बेल, सगळं डाव्यानं. शिवानं हरकत घेतली नाही, निदान लेखी तरी नाही. फक्त डोळे मिटल्यावर वजन लागेना. देव आहे ना, हे मन्मथला तीनदा डोळे उघडून बघावं लागलं.

डावा मात्र मोकळा झाला. चार दिवसांत तो तांब्याला पोचे पाडू लागला.

शनिवारी साहेब घड्याळ घेऊन मागं उभे राहिले. मन्मथनं डाव्यानं तार पाठवली: औशाला दोन टँकर पाठवा. नांदेडकडून उत्तर खडखडलं, मन्मथ कागदावर उतरवत गेला. डाव्याचं अक्षर कोंबडीच्या पायाचं.

'बिनचूक. नवा माणूस चांगला हाय. मन्मथ कुठं गेला?'

साहेबांनी वाचलं, सही ठोकली. "झालं, किल्ली तुमचीच," म्हणाले आणि चहाला गेले.

मन्मथनं डाव्यानं कळवलं, 'मीच मन्मथ.'

'चेष्टा नको. त्याचा हात मी ओळखतो. बदली झाली का?'

मन्मथनं सहीचा कागद फायलीला लावला. मग ठोकलं, 'हो. किनवटला.'

'भेटला तर सांगा, सटवाजी आठवण काढून राहिलाय.'

'सांगतो.'

उजवा हात मांडीवर पडला होता. मन्मथनं त्याच्याकडं बघून हळूच निरोप सांगितला. मग पुढची तार ओढली. टँकरचीच होती.