शिवम्मा आत्याची साक्ष

चाकूरच्या शाळेत उमाशंकर सर कवायत शिकवायचे. त्यांच्या एका शिट्टीवर तीनशे पोरं रांगेत यायची. त्यांची स्वतःची आठ वर्षांची ऋतुजा मात्र झोपेत त्यांचं ऐकत नव्हती. आठवड्यातून चार-पाच दिवस अंथरूण ओलं. सरांचं म्हणणं, पोरीला शिस्त नाही. आई मनिषा चादरी धुऊन थकली होती, आणि ऋतुजानं देवणीच्या आत्याकडं राहायला जाणंच सोडलं होतं.

शेवटी शिवम्मा आत्याच चाकूरला आली. पोरगी का येत नाही ते कळल्यावर तिनं भावाला आणि भाचीला घेऊन लातूरच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

बाईंनी लघवी तपासली, पोट साफ होतं का विचारलं, आणि सांगितलं की पोरगी हे मुद्दाम करत नाही. काहींची झोपच इतकी गाढ की लघवी लागलेली कळत नाही. वाढत्या वयात बहुतेकांचं थांबतं. दिवसा भरपूर पाणी द्या, संध्याकाळनंतर कमी. झोपण्याआधी लघवीला पाठवा. आणि रागावणं बंद. मग त्यांनी विचारलं, घरात लहानपणी आणखी कुणाला हा त्रास होता का?

"नाही," सर म्हणाले.

"होता की," आत्या शांतपणे म्हणाली. "ह्यालाच. पाचवीत गेला तरी. तांब्या सांडला म्हणायचा. आमच्या घरात लई तांबे सांडले."

डॉक्टरीणबाई मान खाली घालून लिहू लागल्या. सरांचे कान लाल झाले. ऋतुजा बापाकडं टक लावून बघत राहिली.

परतताना एसटीत ती त्यांच्याजवळच बसली. तिनं विचारलं, "बाबा, तुमची गोधडी कुठं वाळत घालायचे?"

"गोठ्यामागं," सर हळूच म्हणाले. "कुणाला दिसू नये म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून चादर धुवायचं काम सरांनी घेतलं. शेजारच्या वैजनाथरावांनी गच्चीवरून विचारलं, सर, रोज काय धुऊन राहिलात? खांद्याचा व्यायाम हाय, असं सरांनी सांगितलं, आणि वैजनाथरावांना ते पटलंही.

दिवाळीपर्यंत ओले दिवस महिन्यात दोन-तीनवर आले. उन्हाळ्यात ऋतुजा आठ दिवस देवणीला राहिली. एका सकाळी चादर ओली निघाली. तिनं ती स्वतः मोरीत नेऊन भिजवली, आत्याला तसं सांगितलं आणि भाकरी खायला बसली.