निकेलला गंज चढत नाही

“काळं लोखंड घामानं सडतं गं, सुहास. निकेल मात्र घामाला भीक घालत नाही!”

चाळीस वर्षांपूर्वीचा नवऱ्याचा आवाज. जंगलखात्यात रेंजर होते ते. सकाळी निघताना कमरेला लखलखीत रिव्हॉल्व्हर आणि तोंडात हे वाक्य ठरलेलं. आज साउथहॅम्प्टनला लेकाच्या, परीक्षितच्या घरी, चहाचा ट्रे धरून दारात थबकलेल्या सुहासिनीबाईंच्या कानात तोच आवाज घुमला.

समोर डायनिंग टेबलावर तसंच एक रिव्हॉल्व्हर होतं. त्याच्यावर पोलिसांकडून आलेल्या मिसेस हॉलंड वाकल्या होत्या. परीक्षितच्या लायसन्सला पाच वर्षं झाली, ते पुन्हा द्यायचं की नाही हे आज ठरणार होतं. नंबर जुळला. भिंतीतलं लोखंडी कपाट हलवून बघून झालं. बाईंचा आवाज कसा साखरेसारखा, पण डोळे सगळं टिपत होते.

“आणि किल्ली?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. “कुठे असते ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?”

“कोणालाच नाही,” परीक्षित म्हणाला.

सुहासिनीबाईंनी ट्रे खाली ठेवला. नजरही खालीच ठेवली. इथला कायदा त्यांना पाठ होता. हत्यार ज्याचं, किल्ली त्याची. दुसऱ्या कोणाला ती ठाऊक झाली की लायसन्स गेलंच समजा. आणि लायसन्स गेलं की रविवार गेला. ऋजुता, त्यांची सून, गेल्याला दोन वर्षं झाली. आठवड्याचे सहा दिवस हा पोरगा लॅपटॉपसमोर दगडासारखा बसून असतो. रविवारी तेवढा दाढी करतो, नेमबाजी क्लबच्या रेंजवर जातो, चार माणसांत बोलतो आणि परत येऊन विचारतो, “आई, भूक लागलीय. काय केलंयस?” तेवढ्या एका प्रश्नावर त्या अख्खा आठवडा काढत.

ते रिव्हॉल्व्हर निवडलं तेव्हा ऋजुता होती. दुकानात हिरव्या कापडावर दोन ठेवली होती, दोन्ही जुन्या धाटणीची, पुढून दारू ठासायची. या देशात तसलंच मिळतं. एक काळंनिळं, एक निकेलचं. परीक्षित एकदा हे उचली, एकदा ते. दर आठवड्याला न्यायचं, पन्नास-साठ बार काढायचे, तर हाताला जड होता कामा नये.

“काळं घे,” ऋजुता म्हणाली. “तुझ्या रंगाला मॅच होतंय.”

“आई, बघ ना ही कशी बोलते!”

“खरं तेच बोलते ती,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “पण बाबा, तू निकेलचं घे. कमरेचा घाम लागला तरी काही होत नाही.”

“कमरेला नाही लावायचं आई इथे. जेल होईल! कुलपाच्या डब्यात घालून गाडीच्या डिकीतून न्यायचं.”

“म्हणजे नव्या नवरीसारखं, झाकून,” ऋजुता हसली.

दुकानदारानं मात्र एक बजावलं होतं. निकेलवरची काजळी ओल्या फडक्यानं निघते, पण ते काही लपवून ठेवत नाही. बोट लागलं तरी दिसतं. काळ्यावर सगळं खपून जातं.

आता मिसेस हॉलंडनी रिव्हॉल्व्हर खिडकीच्या उजेडात धरलं. चापाभोवतीच्या कड्याशी, अगदी बेचक्यात, लाल ठिपका होता.

सुहासिनीबाईंनी तो लगेच ओळखला. परवाच खंडेनवमी झाली. घरात हत्यार असताना त्याला हळदकुंकू लावायचं नाही, असं कधी झालंय? परीक्षित कामासाठी केंब्रिजला गेलेला. त्यांनी कपाट उघडलं, पाटावर ठेवून ओलं हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, मग फडक्यानं पुसून जागच्या जागी ठेवलं. पुसलं होतं नीट! पण बेचक्यात जरासं राहिलं, आणि वाळलं.

“हा गंज आहे?”

“असेल,” परीक्षित चटकन म्हणाला. “हवा दमट आहे ना.”

“निकेलवर?”

मिसेस हॉलंडनी नखानं खरवडलं, बोट वर केलं. बोटावर कुंकू.

परीक्षितनं ते बोट बघितलं, मग आईकडे बघितलं. एकच क्षण. त्याला सगळं कळलं.

“मीच लावलं,” तो शांतपणे म्हणाला. “आमच्यात वर्षातून एकदा हत्यारांची पूजा असते. परवाच होती.”

“तुम्ही स्वतः?”

“हो. मी स्वतः.”

“ठीक आहे. मी तसं लिहिते. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही, आणि त्याखाली तुमची सही.”

पेनचं टोपण टक्‌ करून निघालं. परीक्षितनं मराठीत, ओठ न हलवता म्हटलं, “आई, आत जा. चहात साखर विसरलीस.”

साखर ट्रेमध्येच होती. सुहासिनीबाई जागच्या हलल्या नाहीत. भाकरी थापताना गुणगुणायची स्वतःचीच ओवी मनात आपोआप सुरू झाली होती:

कुलपाला ठावी किल्ली, किल्लीला ठावी जागा,
लेकाच्या मनाचा बाई, कुठं शोधू मी धागा…

कागद परीक्षितपुढे सरकला. खोटं त्यांच्यासाठी, आणि सही त्याची. गप्प राहिल्या तर रविवार वाचत होता. फक्त गप्प राहायचं होतं.

त्याचं पेन कागदाला टेकलं.

“नो,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “ही वॉज इन केंब्रिज. मी. आय ओपन. आय नो द की.”

“आई!”

“थांब रे.” त्या खुर्चीला धरून खाली बसल्या आणि मराठीवर आल्या. बाई शेजारी आहेत हे जणू विसरल्याच. “एप्रिलमध्ये ऊन पडलं म्हणून कपाटातले कपडे बाहेर घातले. ऋजुताच्या निळ्या कोटाच्या खिशात किल्ली सापडली. त्या कोटाला कोणी हात लावणार नाही, असं वाटलं ना तुला?”

परीक्षितनं पेन खाली ठेवलं.

“पूजा काय, एका दिवसाची. पण बाळा, मी ते लोखंडी कपाट रोज उघडते. तू आंघोळीला गेलास की उघडते. रिव्हॉल्व्हर जागेवर दिसलं की मगच कणीक मळायला घेते. दोन वर्षं झाली, तू रडला नाहीस. तुझ्या जिवाची भीती वाटते रे मला.”