दाराबाहेरचा चाबूक

"यात मी माझ्या सख्ख्या भावाला फोडून काढायला निघालोय," म्हातारा म्हणाला आणि रुमालात गुंडाळून आणलेली डीव्हीडी त्यानं गुलबाराच्या टेबलावर ठेवली. "हे तू केलंस ना, पोरी?"

गुलबारानं चष्मा सारखा करून पाहिलं. मागे आगीचे लोळ, पुढे लोकरीच्या जाड नमद्याच्या तंबूच्या दारात छाती काढून उभा असलेला हाच म्हातारा आणि त्याच्या हातात उगारलेला चाबूक. नाही म्हणायला जागाच नव्हती. काराकोल गावच्या बाजारात लोखंडी कंटेनरांतच दुकानं थाटलेल्या डीव्हीडीवाल्यांच्या दोन रांगा होत्या आणि त्यांतली निम्मी कव्हरं तिच्या हातची.

"मीच केलं, अता," वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं ती म्हणाली. "बसा ना. चुकलं काय?"

म्हातारा बसला. त्यानं पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याचं नाव कादिर, वय बहात्तर, आणि सिनेमात त्यानं आयुष्यात एकदाच काम केलं होतं. मागच्या उन्हाळ्यात राजधानीतली सिनेमावाली माणसं कुरणात आली होती. त्यांना चेहरा आवडला याचा आणि तंबू आवडला याच्या थोरल्या भावाचा, सागिनचा.

"आणि आम्ही दोघं नऊ वर्षं बोलत नव्हतो," कादिर म्हणाला. "आईच्या वर्षाच्या जेवणाला घोडा त्याचा कापायचा की माझा, यावरून पेटलं. शेवटी दोन जेवणं झाली. आई एक आणि जेवणं दोन! सगळ्या खोऱ्यानं दोन्हीकडे हात मारला आणि दोन्हीकडे नावं ठेवली."

गुलबाराला हसू आलं, पण तिनं ते गिळलं.

"सिनेमावाले म्हणाले, चाबूक बाहेर टांगायचा, वाकायचं आणि आत जायचं. एवढंच काम. पण त्यांच्या मनासारखं होईना. सतरा वेळा करायला लावलं. नऊ वर्षांत एकदा जमलं नव्हतं ते मी एका दिवसात सतरा वेळा केलं, पोरी. भावाच्या दारात वाकलो. सागिन लांब टेकडीवर बसून बघत होता. बोलला काही नाही. पण संध्याकाळी सुनेच्या हाती कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा पाठवला."

"मग?"

"मग हे." त्यानं कव्हरवर बोट ठेवलं. "त्याच्या पोरानं बाजारातून नेलं. घरात मशीन नाही, सिनेमा कुणी पाहिला नाही. कव्हर मात्र सगळ्यांनी पाहिलं. सागिनचा निरोप आला, 'कॅमेऱ्यासमोर वाकलास आणि मागाहून चाबूक घेऊन माझ्या दारात आलास. जगाला दाखवलंस.' वाडगा परत मागवला त्यानं."

"तुम्ही समजावून नाही सांगितलं?"

"दार उघडेल तर सांगू ना! आणि त्यानं चित्र डोळ्यांनी पाहिलंय. फोटो आहे तो. माझ्या तोंडी शब्दाला कोण विचारतो?" कादिरनं मांडीवरची टोपी सरळ केली. "तो अठ्ठ्याहत्तरचा आहे. आणखी नऊ वर्षं आणायची कुठून?"

गुलबाराचा चेहरा उतरला. चाबूक बाहेर ठेवून आत जायचं, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हातात चाबूक घेऊन कुणाच्या दारात शिरणं म्हणजे वैर घेऊन शिरणं. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. तिनं सिनेमा बघितलाच नव्हता. तिचा मालक मेदेर, वयानं भाच्यासारखा, तिला थोरल्या बहिणीच्या मानानं 'एजे' म्हणणारा, त्या दिवशी म्हणाला होता, "एजे, वाकलेला म्हातारा कोण विकत घेणार? द्या चाबूक हातात, लावा मागे आग." तिनं दुसऱ्या फोटोतला ताठ म्हातारा उचलून दारात उभा केला, भिंतीवरचा चाबूक काढून त्याच्या मुठीत दिला आणि कॉम्प्युटरमध्ये कायम तयार असलेली आग मागे लावली. वीस मिनिटांचं काम. त्या आठवड्यातलं ते एकतिसावं कव्हर होतं.

एके काळी हीच गुलबारा गावातल्या थिएटरचे फलक रंगवायची. सकाळी रिकाम्या थिएटरात बसून आधी अख्खा सिनेमा बघायचा आणि मगच ब्रश हातात धरायचा, असा तिचा दंडक होता. सव्वीस वर्षं तिनं तो पाळला. बायका चौकात थांबून तिच्या फलकाकडे बघायच्या आणि ठरवायच्या, याला सासूला आणायचं की रुमाल आणायचा. तिचा फलक कधी खोटा पडला नाही. मग थिएटरात सोफासेटचं दुकान आलं आणि ती कंटेनरमध्ये आली. पोटासाठी माणूस काय काय करतो, त्यात तिनं काही वेगळं केलं नव्हतं. पण आता या म्हाताऱ्यासमोर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्ही तरी पाहिलात का हा सिनेमा?" तिनं विचारलं.

"कुठला! माझ्याकडे कुठंय मशीन?"

तिनं चहा ओतला, कंटेनरचं दार लोटलं आणि डिस्क लावली. दोघं दीड तास बसून राहिले. कादिर स्वतःकडे फारसा बघतच नव्हता. "हा घोडा माझा नाही हं. भाड्याचा आणला त्यांनी. माझा याच्यापेक्षा देखणा," तो दोनदा म्हणाला. शेवटी पडद्यावरचा म्हातारा तंबूपाशी आला. त्यानं चाबूक बाहेर टांगला, उभ्या उभ्या एकदा नाक पुसलं, वाकला आणि आत गेला. कॅमेरा बाहेरच राहिला. चाबूक हळूहळू हलायचा थांबला. आत कुणीतरी चहा ओतल्याचा आवाज आला आणि सिनेमा संपला.

गुलबाराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतका सुंदर सिनेमा, आणि आपण त्याला आग लावली. तिला स्वतःच्या हातांचा राग आला.

"सागिन अता रविवारी जनावरांच्या बाजाराला येतात?" तिनं विचारलं.

"बर्फ पडायच्या आत मेंढ्या विकायला यावंच लागतं. याच वाटेनं येतो."

"मग तुम्हीही या."

"माझ्या तोंडाकडे तो बघणार नाही."

"तोंडाकडे कशाला? पाठीकडे बघू दे."

कादिर उठला. दाराबाहेर पडताना त्यानं खिळ्यावरून आपला चाबूक काढून घेतला. आत येताना त्यानं तो तिथं टांगला होता, हे गुलबाराला आत्ता दिसलं.

दुसऱ्या दिवशी मेदेर आला तेव्हा कपाटाला पाठ नव्हती. प्लायवूडचा तो मोठा तुकडा जमिनीवर आडवा होता आणि गुलबारा गुडघे टेकून त्यावर पांढरा हात देत होती. दहा वर्षांत तिनं ब्रश धरला नव्हता.

"एजे, हे काय? कव्हरं कोण करणार?"

"सोमवारी."

शनिवारी चित्र आकाराला आलं तसा तो पुन्हा डोकावला. "यात तर माणसाचं तोंडच नाही! पाठ बघून कोण घेईल?"

"आग तू लावायला लावलीस, मेदेर. मी लावली. आता निदान विझवायला पाणी तरी आण."

मेदेरनं तिच्याकडे पाहिलं, कान खाजवला आणि गुपचूप बादली भरून आणली. ब्रश धुवायला पाणी संपलंच होतं.

रविवारी दिवस उजाडायच्या सुमारास फलक कंटेनरला टेकून उभा राहिला. करडा तंबू, वर उचललेला दाराचा नमदा, फटीतून येणारा चहाच्या रंगाचा उजेड, त्यात वाकून शिरणारी म्हाताऱ्याची पाठ आणि बाहेर भिंतीवर चाबूक. मेंढ्या हाकत लोक वाटेनं जायला लागले. काही थांबले. एक बाई चित्राकडे बघून सोबतच्या बाईला म्हणाली, "याला रुमाल लागेल गं." गुलबारा आत बसून ऐकत होती. एरवी ती या शब्दांनी हवेत गेली असती, पण आज तिची नजर वाटेवरच होती.

सागिन आला तेव्हा तिनं त्याला चटकन ओळखलं. तेच नाक, तीच उंची. दोन मेंढ्यांची दोरी मुठीत धरून तो फलकासमोर उभा राहिला. बराच वेळ. मेंढ्या कंटाळून खाली बसल्या. शेवटी तो दारापाशी आला.

"कुणी रंगवलंय?"

"मी, अता. आणि त्या कव्हरवर हातात चाबूकही मीच दिला. सिनेमात तो बाहेरच टांगलेला आहे. दारात शिरताना तुमच्या भावाच्या हातात चाबूक नव्हताच. ते पाप माझं आहे, त्यांचं नाही."

सागिननं पुन्हा चित्राकडे पाहिलं. "वेणी चुकलीय," तो म्हणाला.

"काय?"

"चाबकाची वेणी. तू तीन पदरी काढलीस. त्याचा चार पदरी आहे. मी वळून दिला होता त्याला, त्याच्या लग्नात." त्यानं घसा खाकरला. "अजून तोच वापरतो होय तो?"

"त्या दिवशी या खिळ्यावर टांगला होता तो जुनाच होता, मूठ झिजलेली."

"आत गेल्यावर पुढे काय होतं?"

"काही नाही. सिनेमा तिथंच संपतो."

"म्हणजे पुढचं आम्हालाच करावं लागणार," सागिन पुटपुटला. "बाजारात दिसला मला मघाशी. लोकरवाल्याच्या मागे लपलाय, गाढव. सांग त्याला, मी चहा प्यायला बसलोय."

गुलबाराचा जीव भांड्यात पडला. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं मेंढ्यांची दोरी घेऊन खांबाला बांधली आणि मेदेरला लोकरवाल्याकडे पिटाळलं. मग ब्रश घेऊन ती बाहेर फलकासमोर बसली आणि चाबकाचा चौथा पदर काढू लागली.

कादिर आला तो पाय ओढतच. फलकापाशी न थांबता तो सरळ दारापर्यंत गेला आणि तिथं त्याचे पाय थबकले. खिळ्यावर सागिनचा चाबूक टांगलेला होता. त्यानं त्याच्या मुठीला एकदा हात लावला, मग आपला चाबूक त्यावरच अडकवला. आतून कपबशीचा आवाज आला.

कंटेनरचं दार चांगलं उंच होतं. तरी कादिर वाकला आणि आत गेला.