उठबस वटीच्या बाटलीवरचा वैद्य

त्या बाटलीवरचा दाढीवाला वैद्य म्हणजे मी. दाढी मराठी मंडळाच्या नाटकातली, रुद्राक्षांची माळ शेजाऱ्याची, आणि मागे जे घनदाट जंगल दिसतं ते बॅन्फच्या रस्त्यावर गाडी थांबवून काढलेलं. पोटापाण्यासाठी मी कॅल्गरीत पाइपलाइनची ड्रॉइंग्ज तपासतो.

शुभंकर माझा जुना मित्र. त्याच्या बेसमेंटमध्ये इंडियाहून गोळ्या आल्या होत्या, गुडघेदुखीवरच्या. मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर नाव ना गाव. मला म्हणाला, "यार, एक लेबल बनवून दे ना. असल्या गोष्टीत तुझं डोकं चालतं."

खरंच चालतं. वीस मिनिटांत नाव काढलं, उठबस वटी. खाली लिहिलं, सात पिढ्यांची परंपरा, शंभर टक्के वनस्पती, साइड इफेक्ट शून्य. गोळीत नक्की काय आहे ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही, कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. लेबल बघून आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

गंमत म्हणजे गोळी लागू पडली. भाऊसाहेब म्हणून नागपूरचे एक गृहस्थ, वय त्र्याहत्तर, सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसावर, मुलाकडे आलेले. जिना बसून-बसून उतरायचे. नोव्हेंबरात गोळी सुरू केली आणि पंधरा दिवसांत ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढायला लागले. चेहरा गोल, गरगरीत झाला. मंडळात सगळे म्हणाले, भाऊसाहेबांना कॅनडा मानवलं. मीही म्हणालो.

त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. "तुझा वैद्य जोरदार आहे बे. पण अवंतिकाला सांगू नको."

अवंतिका त्यांची सून. सासऱ्यांच्या व्हिसासाठी लागणाऱ्या इन्शुरन्सच्या फॉर्मवर तिने 'कोणतंही औषध चालू नाही' असं लिहून सही केली होती. ते खोटं पडू नये म्हणून भाऊसाहेब बाटली लोकरी मोज्यात लपवायचे.

मार्चमध्ये एका मंगळवारी सरकारी हेल्थ खात्याचे दोन इन्स्पेक्टर शुभंकरकडे आले आणि सगळा माल सील करून घेऊन गेले. कुणीतरी तक्रार केली होती, गोळी लॅबमध्ये तपासून झाली होती. शुभंकरने लगेच गोळी घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, 'गोळ्या आत्ता फ्लश करा, बाटल्या फेका, कुणाशी काही बोलू नका.' दहा मिनिटांनी तो मेसेजही डिलीट केला.

शनिवारी सकाळी खात्याच्या वेबसाइटवर मला माझाच फोटो दिसला. आधी हसू आलं. दाढी एकदम सरकारदरबारी. मग खालचं वाचलं. गोळीत स्टेरॉइड आहे, लेबलवर न लिहिलेलं. आणि ठळक अक्षरांत, बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, जिवाला धोका आहे, आधी डॉक्टरला भेटा. बाहेरून आयतं मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं, असं पुढे समजावलं होतं.

मी शुभंकरला फोन लावला. "तू सगळ्यांना एका दिवसात बंद करायला लावलंस."

"मग काय, घरोघरी पुरावे ठेवू? आणि तू का घाबरतोस? लेबलवर तुझं नाव थोडंच आहे."

फोन ठेवला आणि तडक भाऊसाहेबांकडे गाडी काढली. बाहेर उणे चोवीस. ड्राइव्हवेवर चार दिवसांचा बर्फ तसाच पडलेला.

अवंतिकाने दार उघडलं. "बाबांना फ्लू झालाय. पोटात काही ठरत नाही. आज तर उठून बसवतही नाहीये त्यांना. आणि हा नेमका साइटवर, फोर्ट मॅकमरीला."

"फ्लू नाहीये. ते गुडघ्याच्या गोळ्या घेत होते, त्या एकदम थांबवल्यात. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं."

"बाबा कसल्याही गोळ्या घेत नाहीत."

आत भाऊसाहेब पडले होते. ओठ पांढरे, कपाळावर घाम. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "नाही घेतल्या," म्हणाले.

मी तिला फोनवर नोटीस दाखवली. तिने वाचली, मग बोटांनी फोटो मोठा केला.

"हा तूच आहेस ना?"

"हो, पण..."

"स्वानंददादा, आज नको. गेल्या वर्षी तू सिटीची खोटी नोटीस आणली होतीस, दारातल्या बर्फावर वजनानुसार टॅक्स लागणार म्हणून. मी सात बादल्या बर्फ आणून टबमध्ये वितळवला. त्या नोटिशीवरही असाच लोगो होता."

खरं बोलताना माझा चेहरा जसा होतो, तसाच तो फसवतानाही व्हायचा. वीस वर्षं मी तेच तर घोटवलं होतं.

मग तिच्यासमोरच इमर्जन्सीचा नंबर, नाइन-वन-वन, लावला, स्पीकरवर. पलीकडच्या बाईने नाव विचारलं. सांगितलं, अक्षर-अक्षर सुटं करून सांगितलं. पत्ता दिला. माझा फोन नंबर दिला. ती म्हणाली, पेशंट हे औषध घेत होता हे तुम्हाला कसं माहीत?

"त्याचं लेबल मी बनवलंय," मी म्हणालो. "लिहिलंय ते सगळं खोटं आहे. फोटोही माझाच आहे."

अवंतिका फोन काढून घ्यायला पुढे आली होती, ती तिथेच थांबली. असल्या उद्योगात मी आजवर कधी स्वतःचं नाव दिलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. ती पलंगापाशी गेली.

"बाबा, किती घेत होतात?"

त्यांनी तोंड तिच्याकडे वळवलं. "सकाळी दोन. संध्याकाळी एक."

"मला का नाही सांगितलं?"

"फॉर्मवर सही तुझी आहे ना बेटा."

ती तिथेच खाली बसली, त्यांचा हात धरून.

ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग मी गाडी नेली. इमर्जन्सीत त्यांना लगेच आत घेतलं. ब्लडप्रेशर जवळजवळ नव्हतंच. इंजेक्शन, सलाइन. दुपारी डॉक्टर बाहेर आली. म्हणाली, आता धोका टळतोय, पण रात्रीपर्यंत थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं.

आम्ही दोघं वेटिंग रूममध्ये. मी नोटिशीवरच्या नंबरला फोन करून मशीनवर सगळं सांगून ठेवलं, शुभंकरच्या मेसेजसकट. मग तिने समोर बघतच विचारलं, "आणखी कोण-कोण घेतंय?"

"ग्रुपवर एक्केचाळीस घरं आहेत."

"मग इथे बसून काय करतोयस?"

पहिला फोन ताराबाईंना केला. माझा आवाज ऐकूनच त्या हसायला लागल्या. "बोल, आज काय नवीन?" मी सांगितलं तशा आणखी हसल्या, आणि फोन ठेवून दिला.

अवंतिकाने हात पुढे केला. मी तोच नंबर परत लावून फोन तिला दिला.

"ताराकाकू, अवंतिका बोलतेय. हॉस्पिटलमधून. बाबा आत आहेत."

मग तसंच चालू राहिलं. मी नंबर लावायचा, ती बोलायची. मध्येच शुभंकरचा फोन आला, मी कट केला. दहा घरं झाली. दोघांना उलट्या सुरू झाल्या होत्या, ते हॉस्पिटलकडे निघाले.

अकरावा नंबर मंडळातल्या पृथ्वीराजच्या आईचा. तो बाहेरगावी, म्हातारी घरात एकटी. तीनदा लावला, तिन्ही वेळा नुसता वाजत राहिला. अवंतिकाने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतःचा कोट उचलला.

"घर माहितीये तुला? बाकीचे फोन गाडीतून करू."

"माहितीये," म्हणालो, आणि आम्ही दोघं पार्किंगकडे पळालो.